सोनामुखी : पाहुणी म्हणून बरी, रोजची नको



गटाची बैठक कशी होते ते तुम्हाला सांगायला नको. हजेरी होते, बचत जमा होते, कर्जाचे हप्ते लिहिले जातात, सह्या होतात. शेवटी आरोग्याचा विषय निघतो. साखर, बीपी, गुडघेदुखी यावर सगळ्या भरभरून बोलतात. पण एक दुखणं बैठकीत कुणीच काढत नाही. बैठक उठते, सतरंजी गुंडाळली जाते, आणि मग एखादी ताई मागे रेंगाळून हळूच विचारते, "ताई, चार-चार दिवस परसाकडला होत नाही बघा. काय घ्यावं?"

तेवढ्यात चप्पल घालता घालता दुसरी सांगते, "अगं, सोनामुखी घे रात्री. सकाळी पोट साफ!"

हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. सोनामुखी किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, कुणी अजिबात घ्यायची नाही, हे पुढचं कुणी सांगत नाही. आणि मुळात पोट का साफ होत नाही, हे तर कुणी विचारतच नाही. तो राहिलेला अर्धा सल्ला या पाठात समजून घेऊ.

बद्धकोष्ठ कशाला म्हणायचं?

रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. तसं काही नाही. कुणाला दिवसातून दोनदा होतं, कुणाला एक दिवसाआड होतं. मऊ होत असेल, कुंथावं लागत नसेल आणि पोट हलकं वाटत असेल, तर एक दिवसाआड होणं हाही आजार नाही.

आठवड्यातून तीन वेळेपेक्षा कमी होत असेल, खडा होत असेल, खूप जोर करावा लागत असेल किंवा जाऊन आल्यावरही अजून राहिलंय असं वाटत असेल, तर ते बद्धकोष्ठ. ते बरेच दिवस चाललं की पोट फुगतं, भूक मरते, मुळव्याध होते, गुदद्वाराला चीर पडते. मग दुखतं म्हणून बाई जायचं टाळते, आणि टाळलं की आणखी खडा होतो.

सोनामुखीची ओळख

सोनामुखी हे कमरेएवढं वाढणारं झुडूप आहे. फुलं पिवळी, शेंगा चपट्या आणि पानं लहान, टोकदार. मूळची ही वनस्पती अरबस्तान आणि आफ्रिकेकडची. तिकडे तिला 'सना' म्हणतात, त्यावरून आपल्याकडे 'सनाय' हे नाव आलं. आयुर्वेदात तिला 'स्वर्णपत्री' असंही म्हणतात. आपल्या देशात तमिळनाडूत तिरुनेलवेली भागात तिची मोठी शेती होते. राजस्थान आणि गुजरातेतल्या कोरड्या जमिनीतही ती पिकते. औषधात तिची पानं आणि शेंगा वापरतात.

आपल्या माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचा तरवड असतो. पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी करतो. उन्हाळ्यात बहावा पिवळा धमक फुलतो. ही सगळी सोनामुखीच्या नात्यातली झाडं आहेत. सोनामुखीला काही ठिकाणी 'भुईतरवड' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. नावं जवळची असली तरी झाडं वेगळी आणि गुणही वेगळे. म्हणून 'हीच सोनामुखी असेल' असं म्हणून माळावरचा पाला तोडून आणू नका.

ही झाडपाल्याची जुनी गोष्ट आहे, तिला आता कोण विचारतं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सोनामुखीचं नाव आहे. दवाखान्यात पोट साफ होण्यासाठी मिळणाऱ्या काही गोळ्या तिच्याच अर्कापासून केलेल्या असतात. म्हणजे हे खरंखुरं औषध आहे. आणि औषध म्हटलं की त्याला मात्रा आली, पथ्य आलं.

पोटात गेल्यावर ती काय करते?

सोनामुखीच्या पानात 'सेनोसाइड' नावाचे घटक असतात. ते जठरात आणि लहान आतड्यात फारसे विरघळून शोषले जात नाहीत, तसेच पुढे मोठ्या आतड्यात जातात. तिथे आपल्या पोटातले नेहमीचे जंतू ते फोडतात आणि मग त्यांचं काम सुरू होतं. एक तर आतड्याला चालना मिळते, ते आकुंचन पावून मळ पुढे ढकलतं. दुसरं म्हणजे मळातलं पाणी आतड्यात कमी शोषलं जातं, त्यामुळे मळ मऊ राहतो.

हे सगळं व्हायला साधारण सहा ते बारा तास लागतात. म्हणूनच ती रात्री झोपताना घ्यायची पद्धत आहे. हे माहीत नसलं की चूक होते. रात्री नऊला घेतली, बारापर्यंत काही झालं नाही म्हणून परत घेतली, आणि दुसऱ्या दिवशी जुलाबांनी बाई आडवी झाली! एकदा घेतली की सकाळपर्यंत वाट बघायची. त्या रात्री दुसरी मात्रा घ्यायची नाही.

घ्यायची तर कशी?

- मोठ्या माणसासाठी पानांच्या चूर्णाची मात्रा दिवसाला अर्धा ते दोन ग्रॅम, एवढीच आहे. अर्धा ग्रॅम घरच्या चमच्याने नीट मोजता येत नाही. म्हणून वैद्यांकडून पुड्या बांधून घ्या, किंवा मात्रा ठरलेली गोळी आरोग्य केंद्रातून विचारून घ्या.
- सुरुवात कमीत कमी मात्रेने करा. कोठा प्रत्येकीचा वेगळा असतो. जावेला जेवढं लागतं तेवढंच तुम्हाला लागेल असं नाही.
- रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरपूर प्या.
- जुन्या पद्धतीत सोनामुखीबरोबर सुंठ किंवा बडीशेप देतात. पोटात मुरडा कमी यावा हा त्यामागचा हेतू.
- पोट साफ झालं की थांबा. आठवड्यापेक्षा जास्त दिवस आपल्या मनाने घेऊ नका.

सोनामुखी घेतल्यावर लघवीचा रंग पिवळसर तपकिरी किंवा लालसर दिसू शकतो. हा औषधाचा रंग आहे, घाबरू नका. औषध थांबवल्यावर रंग पूर्वीसारखा होतो. झाला नाही, किंवा लघवी करताना जळजळ होत असेल, तर मात्र तपासून घ्या.

रोज घेतली तर बिघडतं काय?

समजा, एक ताई आहे. लग्नसराईत दोन-तीन दिवस जड खाणं झालं, पोट अडकलं. तिने सोनामुखीचं चूर्ण घेतलं. सकाळी सगळं आतडं रिकामं झालं. आता रिकाम्या आतड्यात मळ पुन्हा साठायला दोन-तीन दिवस लागणारच. पण दुसऱ्या दिवशी झालं नाही म्हणून तिला वाटलं, परत अडकलं. तिने पुन्हा चूर्ण घेतलं. पुन्हा आतडं रिकामं, पुन्हा दुसऱ्या दिवशी काही नाही. असं करत चार वर्षं झाली. आता ती सांगते, "मला चूर्णाशिवाय होतच नाही." खरं तर तिने आतड्याला स्वतःहून काम करायची सवडच दिली नाही.

आपल्या प्रत्येक गावात अशा ताया आहेत. कदाचित आपल्या घरातही असतील.

रोजच्या वापराने दुसरंही नुकसान होतं. पातळ जुलाबावाटे शरीरातलं पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार निघून जातात. मग हातपाय गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत धडधडतं. ज्यांना हृदयाच्या गोळ्या किंवा बीपीसाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या जीवावरही बेतू शकतं. खूप वर्षं घेतलेल्यांच्या मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला काळपट रंग चढतो. औषध थांबवल्यावर तो सहसा हळूहळू जातो, पण दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांना तो दिसतो.

खूप वर्षांची सवय असेल तर ती एका दिवसात तोडायच्या मागे लागू नका. डॉक्टर किंवा वैद्यांना खरं सांगा. ते मात्रा हळूहळू कमी करून देतील.

डब्यावरचं नाव वाचा

यातली मोठी अडचण अशी की पुष्कळ जणींना आपण सोनामुखी घेतोय हेच माहीत नसतं. त्या म्हणतात, "मी औषध कुठे घेते? साधं आयुर्वेदिक चूर्ण घेते."

आता 'पंचसकार' चूर्णाचंच बघा. 'स' पासून सुरू होणाऱ्या पाच वस्तू म्हणून पंचसकार. सनाय, सुंठ, सौंफ म्हणजे बडीशेप, सैंधव, आणि शिवा म्हणजे हिरडा. यातली सनाय म्हणजेच आपली सोनामुखी. बाजारातल्या बऱ्याच 'पोट साफ' चूर्णांत आणि गोळ्यांत ती असते. वजन कमी करण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चहांतही असते. त्या चहाने जुलाब होऊन शरीरातलं पाणी जातं, काटा खाली येतो आणि बाईला वाटतं बारीक झाले. चरबी होती तिथेच राहते.

म्हणून डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री, सेन्ना किंवा सेनोसाइड यातलं एक जरी नाव दिसलं, तरी ते चूर्ण रोजचं नाही हे समजा. डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल, तर ते चूर्ण घेऊच नका.

कुणी घेऊ नये?

- गरोदर ताईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अंगावर पाजणाऱ्या ताईंनीही विचारूनच.
- लहान मुलांना आपल्या मनाने अजिबात द्यायची नाही. बाळाचं पोट कडक लागलं तरी सोनामुखी नाही, एरंडेलही नाही. बाळाला दवाखान्यात दाखवा.
- पोटात जोराची कळ आहे, उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि कारण माहीत नाही, अशा वेळी नाही. आतडं अडलेलं असेल किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जुलाबाचं औषध घातक ठरतं.
- आधीच जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेल्यांनी नाही.
- आतड्याला सूज किंवा जखमा असलेल्यांनी नाही.
- हृदय, किडनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाळी चुकली म्हणून ती आणण्यासाठी काही जणी चोरून जुलाबाची औषधं घेतात. असं करू नका. त्याने अडचण सुटत नाही, जीव मात्र धोक्यात येतो. आशाताईंशी बोला किंवा सरळ सरकारी दवाखान्यात जा.

लोहाच्या गोळ्या बंद करू नका

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. त्या गोळ्यांनी काही जणींना खडा होतो, शौचाचा रंग काळा होतो. मग सासूबाई म्हणतात, "गरम पडतात गं तुला, नको घेऊस." आणि गोळ्या फडताळात पडून राहतात.

ताईंनो, शौच काळं होणं हे लोहामुळे आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण गोळ्या बंद झाल्या तर रक्त कमी राहतं, आणि बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी शरीराला तो सोसत नाही. खडा होत असेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना सांगा. पाणी, भाजी, फळं वाढवा. गरज पडली तर डॉक्टर गरोदरपणात चालणारं औषध देतील. लोहाची गोळी मात्र चालू राहू द्या.

मूळ कारण कुठे आहे?

आता पोट का अडतं ते बघू. आपल्या बाबतीत त्याची तीन मोठी कारणं आहेत.

*पाणी.* रानात कामाला गेलं की आडोसा मिळत नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही. उन्हात घाम जातो, पोटात पाणी नाही, मग आतडं मळातलं पाणी ओढून घेतं आणि खडा होतो. रानात जाताना स्वतःची वेगळी बाटली न्या आणि ती संपवूनच घरी या. लघवी फिकट होत असेल तर पाणी पुरेसं आहे असं समजा.

*ताट.* घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? भाजी संपलेली असते, मग भाकरी, चटणी आणि उरलेलं वरणाचं पाणी. चोथा असलेलं अन्न आपल्या ताटात सगळ्यात कमी येतं आणि पोट मात्र आपलंच अडतं. मोठ्या माणसाने दिवसाला कमीत कमी 400 ग्रॅम भाजी आणि फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वतःसाठी वाटीभर भाजी आधीच बाजूला काढून ठेवा. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी, सालासकट मूग-मटकीची उसळ, परसबागेतला मेथी-पालक-शेवगा, पेरू, पपई, रात्री भिजवलेले मनुके. यातलं बरंचसं घरचंच आहे. फक्त चोथा एकदम वाढवू नका, गॅस होतो. हळूहळू वाढवा आणि पाणीही त्याबरोबर वाढवा.

*जागा आणि वेळ.* सकाळी शौचाची भावना होते तेव्हा चूल पेटवायची असते, डबे भरायचे असतात, पाणी आलेलं असतं. आपण म्हणतो, नंतर जाऊ. ज्या घरी संडास नाही किंवा आहे पण पाणी नाही, तिथली बाई तर अंधार पडायची वाट बघते. भावना दाबली की ती विरून जाते आणि मळ आतच सुकतो. सकाळी उठल्यावर कोमट पाणी किंवा न्याहारी झाली की आतड्याला आपोआप चालना मिळते. ती दहा मिनिटं स्वतःसाठी राखून ठेवा. घरातल्यांना सांगा, दूध उतू जाणार असेल तर तुम्ही बघा. गुडघे चांगले असतील तर उकिडवं बसणं उत्तम. कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या.

बाकीच्या घरगुती औषधांचं काय?

*इसबगोल* हा सोनामुखीपेक्षा सौम्य. तो पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ करतो. पण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचा आणि वर आणखी पाणी प्यायचं. कोरडा खाल्ला किंवा पाणी कमी पडलं तर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

*त्रिफळा* म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. सोनामुखीपेक्षा सौम्य, तरी औषधच. प्रमाण वैद्यांना विचारून घ्या.

*एरंडेल* जोरदार रेचक आहे. त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात, म्हणून गरोदरपणात नाहीच. एरंडाच्या बिया विषारी असतात. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

या खुणा दिसल्या तर घरी औषध नको, दवाखाना गाठा

- शौचातून रक्त पडणं
- लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं शौच होणं
- वजन आपोआप कमी होणं
- पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं
- कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब असं आठवड्यामागून आठवडे चालणं
- पोट फुगलंय, वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होताहेत. अशा वेळी 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

रक्त पडलं की आपण 'मुळव्याध असेल' म्हणून सोडून देतो. बऱ्याचदा मुळव्याधच असते. पण आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय फरक कळत नाही. लाज धरून सहा महिने घालवू नका.

गटाने चूर्ण विकायचं ठरवलं तर

काही गटांच्या मनात येतं, मसाले करतो तसं पोट साफ होण्याचं चूर्णही करू, प्रदर्शनात खपेल. थांबा. पापड, लोणची, मसाले हे खाद्यपदार्थ आहेत, त्यांची नोंदणी वेगळी. आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी करायचं तर 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. त्याशिवाय केलं तर गट अडचणीत येईल. आणि कुणा गरोदर बाईने ते घेतलं, काही झालं, तर जन्मभर मनाला लागून राहील. आवळा कँडी करा, मनुके-सुकामेवा भरून विका, परसबागेची भाजी विका. पोटासाठी तेही चांगलंच आहे.

पुढच्या बैठकीसाठी काम

1. घरात जे चूर्ण, गोळी किंवा चहा पोटासाठी घेतला जातो, त्याचा डबा किंवा वेष्टन बैठकीला घेऊन या. वाचता येणाऱ्या ताईंनी सगळ्यांच्या डब्यावरची नावं मोठ्याने वाचून दाखवा. सोनामुखी कशाकशात निघाली ते मोजा.
2. काल दिवसभरात किती पेले पाणी प्यायलं आणि आपल्या ताटात भाजी किती आली, हे प्रत्येकीने सांगा.
3. गटात कुणाकडे संडास नाही, किंवा असून वापरता येत नाही, याची यादी करा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा. पाण्याअभावी बंद पडलेला संडास हा त्या एकट्या घराचा प्रश्न नाही.
4. आशाताईंना बैठकीला बोलवा. ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नसेल त्यांना बैठकीनंतर एकटीने विचारू द्या.

अडलं असेल तर सोनामुखी चार दिवस जरूर घ्या. पण पाचव्या दिवशी चूर्णाचा डबा उघडण्याआधी आपलं ताट आणि पाण्याची बाटली बघा.

आणि कुणी मागे रेंगाळून हळूच विचारलं, तर आता तिला पूर्ण सल्ला द्या.